महिपतरावांची मंजूर संहिता

महिपतराव मालपोट्यांना नाटकात एकच वाक्य होतं आणि तेवढंही त्यांच्याकडून पाठ होत नव्हतं, इथपासून सांगायला हवं.

वाक्य असं होतं: "सरकार, गाडी दाराशी आली आहे." महिपतराव देहूरोडच्या लष्करी डेपोत वरच्या श्रेणीचे कारकून. सदुसष्ट सालच्या गणेशोत्सवात डेपोतल्या कारकून मंडळींनी नाटक बसवलं आणि महिपतरावांना नोकराचं काम दिलं, कारण भाड्याने आणलेला लाल फेटा त्यांच्याच डोक्याला बसत होता. पंधरा दिवस ते लोणावळ्याहून देहूरोडला जाता-येता गाडीत हे वाक्य पुटपुटत होते. समोरच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी तर शेवटी, "अहो, आली असेल दाराशी तर बसून टाका एकदाचे," असंही ऐकवलं. पण 'गाडी' नीट आली की 'दार' निसटायचं आणि दाराला धरून ठेवलं की 'सरकार' जायचे.

प्रयोगाच्या दिवशी महिपतराव ताठ मानेने रंगमंचावर आले, मुजरा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सरकार, दार गाडीशी आलं आहे."

सरकार म्हणजे हेडक्लार्क. त्यांनी यावर काय म्हणायचं हे नाटकात लिहिलेलं नव्हतं. नायकाने येऊन वेळ सावरायची, तर नायकाचं धोतर विंगेत पडद्याच्या दोरीत अडकलेलं. त्यामुळे नायकही येईना आणि पडदाही पडेना. सरकार नुसतेच उभे. तेव्हा महिपतरावांनीच पुढे सांगायला घेतलं. दार कुणाचं, ते घरातून का निघालं, वाटेत त्याच्या बिजागरीने काय तक्रार केली, गाडीवानाने दाराला आत घ्यायला का नकार दिला. बावीस मिनिटं. सरकारांनी मध्येच घाबरून "मग?" असं विचारलं आणि महिपतरावांनी त्या 'मग'वर आणखी सहा मिनिटं काढली. डेपोचे मोठे साहेब तमिळ होते, त्यांना मराठी फारसं येत नव्हतं. तेसुद्धा चष्मा काढून डोळे पुसत होते. नाटक कोणतं होतं हे आज डेपोत कुणाला सांगता येत नाही. दार मात्र सगळ्यांना आठवतं.

त्या संध्याकाळी लोणावळ्याला उतरलेले महिपतराव सकाळी गाडीत चढलेले महिपतराव नव्हते. अडतीस वर्षं जी गोष्ट आपण उणीव समजत होतो ती खरं तर देणगी आहे, असा त्यांचा पक्का ग्रह झाला होता. घरात पाय टाकताच त्यांनी पत्नीला सांगितलं, "चंपा, मला काही पाठ होत नाही, त्याचं कारण मला कळलंय. मला पाठ करायची गरजच नाही."

"बाजाराची यादीही नाही का?" चंपाबाईंनी विचारलं. "कारण तुम्ही कोथिंबीर आणली नाहीत."

पण ठरलं ते ठरलं. एकट्याने खेळ करायचा. नाव 'आयत्या वेळी'. प्रेक्षकांनी विषय द्यायचा, महिपतरावांनी तिथल्या तिथे तो उभा करायचा. ना नाटक, ना तालीम, ना पाठांतर. गावातल्या वाचनालयाचा हॉल घ्यायचा, एक खुर्ची मांडायची, झालं. इतकं सोपं काम आजवर कुणाला कसं सुचलं नाही, याचंच त्यांना नवल वाटत होतं.

चाळीत बातमी पसरायला चंपाबाई नळावर जाऊन येण्याइतकाच वेळ लागला. पहिले आले सीतारामकाका. हे रेल्वेतले निवृत्त गार्ड. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी शिट्टी अजून खिशात. त्यांच्या मते रंगमंचावर माणसाने कधी थांबायचं हे ठरलेलं हवं, नाहीतर गाडी घाट उतरल्यासारखी सुटते. वरच्या मजल्यावरच्या विठाबाईंचा सल्ला असा की खुर्ची मांडू नका, प्रेक्षकांना वाटेल माणूस दमलाय. तिसऱ्या खोलीतल्या कंपाउंडरांनी घशाला ज्येष्ठमध सुचवला आणि पहिल्या खोलीतल्यांनी ज्येष्ठमधाने आवाज बसलेल्या आपल्या मेहुण्याची हकिकत सांगितली. या सगळ्यांत उपयोगाचं वाक्य एकच निघालं आणि तेच नेमकं महिपतरावांना नको होतं. सीतारामकाका जाता जाता म्हणाले, "परवान्याचं काय?"

खेळ करायला सरकारी परवाना लागे, त्यासाठी महिपतराव रजा टाकून परवान्याच्या कचेरीत गेले. तिथे मारुतराव नावाचे कारकून होते. कारकुनाने कारकुनाला ओळखावं तसं दोघांनी एकमेकांना ओळखलं आणि लगेच दोघेही सावध झाले.

"संहिता?" मारुतराव म्हणाले.

"संहिता नाही. मी आयत्या वेळी बोलणार."

"बोला की. जे बोलणार ते आधी लिहून द्या. तीन प्रती."

"अहो, काय बोलणार ते मला आधी माहीत नसतं."

मारुतरावांनी टाक खाली ठेवला. "मग कुणाला माहीत असतं?"

"कुणालाच नाही!"

"बोलणार तुम्ही आणि माहीत कुणालाच नाही," मारुतराव शांतपणे म्हणाले. "मालपोटे, तुम्हीही सरकारी माणूस आहात. असा कागद तुमच्या टेबलावर आला तर तुम्ही सोडाल?"

महिपतरावांनी सोडला नसता. डेपोत त्यांनी एकदा अख्ख्या तुकडीचे झाडू केवळ 'दांड्यासह' असा शब्द नव्हता म्हणून तीन आठवडे अडवून ठेवले होते.

दुखावलेला स्वाभिमान घेऊन ते घरी आले आणि त्यांनी एक चाल लढवली. जे बोलणार ते माहीत नाही ना? मग तेच सादर करायचं. पंचवीस-पंचवीस कोऱ्या कागदांचे तीन गठ्ठे नीट शिवून, वर 'आयत्या वेळी: संहिता' असं लिहून त्यांनी पाठवून दिले. आठ दिवसांनी गठ्ठे परत आले. वर शेरा होता: "मजकूर अस्पष्ट. शाई गडद वापरून पुन्हा सादर करावे."

यावर महिपतराव दोन दिवस जेवले नाहीत असं ते स्वतः सांगत. चंपाबाईंच्या मते जेवले, पण रागाने जेवले.

शेवटी संहिता लिहायला बसावंच लागलं. पहिलं पान झकास झालं. 'नमस्कार मंडळी, आज आपण सगळे इथे जमलो आहोत.' दुसऱ्या पानाला महिपतरावांच्या लक्षात आलं की समोर माणूस नसला की आपल्याला शब्द सुचत नाही. आणि मारुतरावांनी बजावलं होतं की दोन तासांच्या खेळाला निदान चाळीस पानं हवीत. मग जे हाताशी होतं ते त्यांनी भरायला सुरुवात केली. पंधरा वर्षं रोज लिहिलेल्या डेपोच्या मालाच्या याद्या. त्यातही जे काही उडू किंवा पेटू शकेल ते देशहितासाठी वगळून फक्त झाडू, बादल्या, कंदिलाच्या काचा आणि माल तपासण्याचे नियम. मग सीतारामकाकांकडून ऐकलेले गार्डाचे नियम. चाळीच्या जिन्यातल्या सगळ्या पाट्या. चंपाबाई स्वयंपाकघरातून ज्या सूचना देत त्या जशाच्या तशा. अशी त्रेचाळीस पानं झाली. चंपाबाईंचं अक्षर गोल आणि स्वच्छ, म्हणून तिन्ही प्रती त्यांनीच गडद शाईत काढल्या. लिहिताना एकदाच त्यांनी मान वर केली. "'डाळ अजून कच्ची आहे' हे नाटकात कुणी म्हणायचं?"

"तो प्रश्न कचेरीला पडू दे," महिपतराव म्हणाले.

कचेरीला पडला नाही. संहिता मंजूर झाली, प्रत्येक पानावर शिक्का बसला. सोबत अट होती: मंजूर संहितेबाहेरचा एकही शब्द उच्चारू नये, पडताळणीसाठी कचेरीचा एक शिपाई प्रत घेऊन पहिल्या रांगेत बसेल. आणि महिपतराव सरकारी नोकर असल्यामुळे अट मोडल्यास त्यांच्या खात्याला कळवण्यात येईल. खात्याला कळवणं म्हणजे काय, हे महिपतरावांइतकं कुणाला ठाऊक असणार? सेवापुस्तकात एक लाल ओळ, आणि मग निवृत्तीपर्यंत त्या लाल ओळीशेजारी बसून काम.

आता शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण हॉल ठरला होता, फेब्रुवारीतला शनिवार, संध्याकाळी पाच. आणि आतून महिपतरावांना अजून वाटत होतं की रंगमंचावर उभं राहिलं की सगळं आपोआप होईल, संहितेचं काय ते तेव्हा बघू. ते तसं होत नाही हे कळायला चाळीतली रंगीत तालीम पुरली.

एका रविवारी सकाळी त्यांनी गच्चीवर मंडळींना बसवलं. सीतारामकाकांनी विषय दिला, मालगाडी. महिपतरावांनी गेल्या चार दिवसांत मनातल्या मनात मांजरावर एक फर्मास प्रसंग जुळवून ठेवला होता. तो वाया जाऊ नये म्हणून त्यांनी मांजराला मालगाडीत बसवलं. मग ते मांजर उतरेच ना. कंपाउंडरांनी मध्ये काही विचारलं, ते महिपतरावांना ऐकूच आलं नाही, कारण ते पुढच्या विनोदाची जुळवाजुळव करत होते. अर्ध्या तासाने विठाबाईंनी मायेने विचारलं, "संपलं का, महिपतराव? नाही, डाळ भिजत घालायची होती म्हणून."

कुणी हसलं नाही. टवाळीही केली नाही, हे त्याहून वाईट. सगळे एकेक करून, "छान, छान," म्हणत जिना उतरून गेले. महिपतराव गच्चीवर एकटेच बसले. डेपोत ते जमलं होतं ते धोतर अडकल्यामुळे, आपल्यामुळे नव्हे, असा विचार पहिल्यांदा त्यांच्या मनाला शिवला आणि तो चांगलाच टोचला.

पुढच्या रविवारी ते कुणाला न सांगता मळवलीला उतरले आणि लोहगडाकडे चालू लागले. गडावर जायचं होतं असं नाही; जिथे कुणी "छान, छान," म्हणणार नाही अशी जागा हवी होती. गडाखाली लोहगडवाडीत बायडाबाई गवताच्या झापाखाली ताक आणि भाजलेल्या शेंगा घेऊन बसायची. पन्नाशीची, वाळलेली, नजर तीक्ष्ण. महिपतराव ताक पीत बसले तेवढ्यात पुण्याच्या कॉलेजची आठ-दहा पोरं आली.

"मावशी, ताकात पाणी फार आहे," एकजण म्हणाला.

"व्हय बाबा," बायडाबाई म्हणाली. "म्हस टाक्यात पडली व्हती. भायेर काढली तवापास्नं आसंच देती."

"मग म्हशीला पोहता येत नाही?"

"यायचं की. पन पुन्याची पोरं बगाया जमली, लाजली बिचारी."

पोरं लोळायची बाकी राहिली. दुसरा म्हणाला, मला म्हैस दाखवा. बायडाबाई म्हणाली, ती अनोळखी मानसाला भेटत न्हाई, चिठ्ठी पाठवावी लागती. एकाने शेंगेच्या टरफलावर खरोखरच चिठ्ठी लिहिली. ती बायडाबाईने उलटी धरून गंभीरपणे वाचली आणि म्हणाली, "म्हस इचारती, तुमचं शिक्षान किती?" पाऊण तास चाललं हे. महिपतराव ताकाचा पेला हातात तसाच धरून बघत होते. बाईने एकही विनोद केला नव्हता. समोरून जे आलं ते उचललं, झटकलं आणि परत दिलं, एवढंच.

पोरं गेल्यावर महिपतराव सरसावून बसले. म्हणाले, "मावशी, मीही हेच करतो. मला एक विषय द्या."

"द्येते की. तुमाला घाम लय आलाय, भाऊ."

"घामावरून आठवलं, आमच्या चाळीत एक मांजर आहे..."

"कुटनं आलं मांजर?" बायडाबाई म्हणाली. "मी घाम बोलले. तुमी घरनं मांजर घिऊन आलाय, ते आदी सोडा. लोकं बोलत्यात तवा तुमी गप ऱ्हाता, पन ऐकत न्हाई. आपली पाळी कदी यील ते बगता."

अडतीस वर्षांच्या वरच्या श्रेणीच्या कारकुनाला हे इतक्या सरळ कुणी सांगितलं नव्हतं. महिपतरावांना राग आला. ते उठले, चपला घातल्या, वीसेक पावलं चालून गेले आणि परत आले. "पुन्हा सांगा," ते म्हणाले. "घामाचं."

त्यानंतर दहा रविवार ते लोहगडवाडीला जात राहिले. विहिरीवरून पाणी आणून द्यायचं, शेंगा भाजायच्या, आणि गिऱ्हाईक आलं की बायडाबाईबरोबर बोलायचं. पहिले तीन रविवार ती त्यांना बोलूच देत नव्हती. नुसतं समोरच्याचं शेवटचं वाक्य मनात म्हणायचं, एवढंच काम. चौथ्या रविवारी एका म्हाताऱ्याने "चढ फार आहे हो," म्हटलं आणि महिपतराव न ठरवता बोलून गेले, "काल एवढा नव्हता." म्हातारा खदखदून हसला. बायडाबाईने नुसती एक शेंग त्यांच्यासमोर टाकली. महिपतरावांनी ती खाल्ली नाही. शर्टाच्या खिशात ठेवून घरी आणली. चाळीत मात्र बोलवा झाली की मालपोट्यांनी डोंगरात गुरू केलाय. चंपाबाईंना वाटलं, विरक्ती येतेय. त्यांनी काळजीने एक निरीक्षण नोंदवलं: "हल्ली मी बोलते तेव्हा ते माझ्याकडे बघतात."

अखेर तो शनिवार उजाडला. हॉल भरला होता. सीतारामकाका, विठाबाई, सगळी चाळ. डेपोतून हेडक्लार्क आणि खुद्द तमिळ साहेब. दुसऱ्या रांगेत मारुतराव, चेहरा शिक्क्यासारखा. आणि पहिल्या रांगेत मधोमध हनुमंत शिपाई, टोपी मांडीवर, संहिता हातात, बोट पहिल्या ओळीवर. पंचविशीचा पोरगा, आंदर मावळातला, नोकरीत नवा आणि म्हणून फार प्रामाणिक.

महिपतराव आले. नमस्कार केला. "नमस्कार मंडळी," ते म्हणाले, आणि पुढचं सगळं गेलं. समोर दोनशे माणसं, आणि डोक्यात काही नाही. तोंडात येईल ते बोलायची सोय नाही. दुसऱ्या रांगेत मारुतराव, त्यांच्यामागे लाल ओळ. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं.

हनुमंताला राहवलं नाही. तो हलक्या आवाजात म्हणाला, "सायेब, 'आज' आहे. 'आज आपण सगळे.'"

दहा रविवारांपूर्वीच्या महिपतरावांना ते ऐकूही आलं नसतं. आज आलं. त्यांनी हनुमंताकडे नीट पाहिलं. पोरगा घाबरला होता, आपल्याहून जास्त. महिपतराव रंगमंचाच्या कडेला येऊन खाली बसले आणि हात जोडून त्याला म्हणाले, "आज आपण सगळे इथे जमलो आहोत." मग प्रेक्षकांकडे वळून दोन्ही हात पसरले. द्या विषय.

शाळेतले एक मास्तर ओरडले, "मुलगी बघायचा कार्यक्रम!"

महिपतराव उठले. क्षणात त्यांची मान कलली, पोट सुटलं, ते मुलाचे वडील झाले. समोरच्या न दिसणाऱ्या मुलीला त्यांनी चष्म्यावरून न्याहाळलं आणि जड आवाजात म्हणाले, "माल ताब्यात घेण्यापूर्वी नग मोजून पाहावा."

हनुमंताचं बोट पानापानांवरून धावलं. हॉल श्वास धरून बसला. "पान एकवीस," हनुमंताने जाहीर केलं. "हाय."

हॉल फुटला. महिपतराव तोवर मुलीची आई झाले होते, पदर सावरून, लाजत, "डाळ अजून कच्ची आहे."

"पान पस्तीस. हाय!"

मुलाने मुलीला एकांतात काय विचारलं? खालमानेने, गुदमरत: "कंदिलाच्या काचा, दोन डझन, सुस्थितीत?" त्यावर मुलीने पापणी उचलून काय उत्तर दिलं? "जिन्यात थुंकू नये." आणि सगळं जमून आल्यावर वडील उभे राहून गरजले, "हिरवा बावटा दाखवल्याशिवाय गाडी सोडू नये!" सीतारामकाकांनी मागून खरोखरच शिट्टी मारली. हनुमंत एव्हाना उभाच होता. "पान सव्वीस हाय, पान तीस हाय, पान अठ्ठावीस हाय," तो घामाघूम होऊन सांगत होता, आणि प्रत्येक 'हाय'ला त्याच्या आवाजात थोडा जास्त आनंद चढत होता.

मग विषय येत गेले. दवाखाना, भाऊबंदकी, नवीन सून, बदली झालेला फौजदार. महिपतरावांनी मंजूर शब्दांत सगळं उभं केलं. पंधरा वर्षं रोज लिहिलेल्या याद्या पाठ न करताच त्यांच्या तोंडात बसल्या होत्या, पण गंमत याद्यांत नव्हती. समोरून काय आलं हे ते आधी पूर्ण ऐकत आणि मगच बादली उचलत. त्यामुळे तीच बादली एकदा रडायची, एकदा रुसायची. मध्येच घाट चढून आलेल्या इंजिनाने बाहेर लांबलचक शिट्टी दिली. महिपतराव थांबले. हनुमंताने पानं चाळली, कपाळाला आठ्या घालून वर पाहिलं आणि म्हणाला, "ही शिट्टी कागदात न्हाई."

पाच मिनिटं कुणाला कुणाचं ऐकू येईना. मारुतरावांनी रुमाल तोंडात धरला होता, पण खांदे कुठे धरता येतात?

शेवटचा विषय मागच्या भिंतीपासून आला. बायडाबाई उभी होती, शेंगांची पाटी पायाशी. ती दुपारीच वाडीतून निघून मळवलीला गाडीत बसली होती हे महिपतरावांना माहीत नव्हतं.

"माजा दादला," ती म्हणाली. "कान्हू. त्याला जाऊन धा वर्सं झाली. सांजच्याला उंबऱ्यात बसायचा, तेवडं करा."

महिपतरावांनी मनातल्या मनात त्रेचाळीस पानं शोधली. एकही वाक्य या जागेचं नव्हतं. डेपो, गार्ड, जिना, स्वयंपाकघर, काहीच नाही. मग ते खाली बसले, उंबऱ्यात बसतात तसे, एक गुडघा उभा. उजव्या हातात न दिसणारी बिडी धरली आणि समोर, उतारावरच्या कुठल्यातरी खाचराकडे बघत राहिले. बोलले काहीच नाहीत.

थोड्या वेळाने मागून बायडाबाईच म्हणाली, "नांगर मोडला व्हय?"

महिपतरावांनी मान किंचित हलवली.

"मोडू दे. उंद्या कोंडूचा आनू." ती एकेक पाऊल पुढे येत होती. "आपली चिंगी सासरी गेली, घर खायाला उटतं. तुला न्हाई का वाटत? कदी बोलतच न्हाई तू."

महिपतराव थोडे सरकले. उंबऱ्यावर एका माणसापुरती जागा केली.

बायडाबाई तिथे, हॉलच्या मधोमध उभी राहिली. हनुमंताने संहिता केव्हाच मिटली होती. दुसऱ्या रांगेत मारुतराव रुमालाने आता डोळे टिपत होते.

हनुमंताचा अहवाल सोमवारी कचेरीत गेला. त्यात लिहिलं होतं: "कलाकाराने मंजूर संहितेबाहेरचा एकही शब्द उच्चारला नाही. शेवटी उच्चारलाच नाही. सदर शिपायाने मात्र काही शब्द उच्चारले, त्याबद्दल दिलगीर आहे." मारुतरावांनी त्यावर गडद शाईत शिक्का मारला, आणि पुढच्या प्रयोगाचा अर्ज आपणच भरून ठेवला. डेपोच्या साहेबांनी महिपतरावांना केबिनमध्ये बोलावून उभं राहून हात दिला. कारकुनासाठी साहेब उभे राहिल्याची डेपोतली ती पहिली वेळ. चाळीने जिन्यात सत्कार केला. आणि चंपाबाई, ज्यांनी लग्नानंतर चौदा वर्षांत नवऱ्याचं तोंडावर कौतुक केलं नव्हतं, त्या दुकानात, नळावर, स्टेशनवर ज्याला त्याला सांगत सुटल्या, "संहिता माझ्या अक्षरातली होती हो!"

महिपतरावांना हे सगळं हवंच होतं आणि त्यांनी ते मनापासून उपभोगलं. खोटं कशाला सांगा, ते आठ दिवस गाडीत मान ताठ ठेवून बसत आणि कुणी ओळखावं म्हणून डबे बदलत.

पुढच्या रविवारी ते लोहगडवाडीला गेले. बायडाबाई शेंगा भाजत होती. पाण्याच्या दोन खेपा झाल्यावर ती म्हणाली, "ब्येस बसला व्हता तुमी. आगदी तसाच बसायचा."

महिपतराव घागर खाली ठेवून बसले.

"फकस्त बिडी," ती शेंगा परतत म्हणाली, "त्याच्या डाव्या हातात असायची."

महिपतराव उठले. झापाच्या खांबाशी जाऊन बसले, एक गुडघा उभा केला, आणि बिडी डाव्या हातात घेऊन बायडाबाईकडे पाहिलं.

"खांदा जरा पाड," ती म्हणाली.